बालकांची स्थूलता आणि शाळेचे उत्तरदायित्व



मूल गुटगुटीत असणे हे घरच्या सुबत्तेचे लक्षण, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. गणवेश दोन मापे मोठा घ्यावा लागला तरी ‘अंग धरले आहे’ असेच कौतुकाने म्हटले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजन बालकांचे प्रमाण २०१५-१६ साली २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले. आकडा लहान वाटेल, परंतु ही शाळेच्या उंबरठ्यावरची मुले आहेत. बालपणीची स्थूलता पुष्कळदा प्रौढपणीही सुटत नाही आणि मधुमेह, रक्तदाब तिच्या मागोमाग येतात.

शाळेत एकाच वयाची चाळीस-पन्नास मुले शेजारी-शेजारी बसतात. म्हणून मायेच्या डोळ्यांना न दिसणारा फरक शिक्षकाला दिसतो. वर्षातून दोनदा उंची व वजन नोंदवून ते पालकांना खाजगीत कळवावे. वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. मुलाला टोपणनाव तेवढे चिकटते, वजन घटत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शालेय उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, शीतपेये हद्दपार करण्याचा आदेश काढला. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त मेद, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांची विक्री निषिद्ध ठरविली. नियम उत्तम आहेत. परंतु ५० मीटर ओलांडण्यास मुलाला एक मिनिटही लागत नाही! त्याहून मोलाचे आहे मैदान. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांचा अंगमेहनतीचा खेळ वा व्यायाम सांगते. परीक्षा जवळ आली की शाळा पहिली कात्री लावते ती मात्र खेळाच्याच तासाला.

शाळेला बोल लावताना समाजाने स्वतःच्या धार्मिक पाठशाळेकडेही पाहावे. ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी जेवणे, हे बाह्य तप तेथे मुखोद्गत करून घेतात आणि निघताना प्रभावना म्हणून हाती चॉकलेट ठेवतात. ‘जैन पिझ्झा’, ‘जैन पावभाजी’ यांत कांदा-लसूण नसतो. मैदा, लोणी आणि चीज पुरेपूर असते. प्रभावनेत वही, दोरीवरच्या उड्यांची दोरी किंवा भाजलेले चणे देता येतील. वाढत्या वयाच्या मुलांना उपाशी ठेवावे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे.

चौविहार पाळणाऱ्या मुलांची अडचण निराळीच आहे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाळा आणि शिकवणी आटोपून धावत घरी आलेले मूल उरल्या दहा मिनिटांत डब्यातील फरसाणच पोटात ढकलते. समाजाच्या संस्था चालवीत असलेल्या शाळांनी दुपारी चार वाजता पंधरा मिनिटांची दुसरी सुट्टी ठेवली आणि घरच्या पोळी-उसळीचा छोटा डबा सक्तीचा केला, तर ही घाई टळेल. त्यासाठी वेळापत्रकातील दोन तास थोडे आखडावे लागतील, इतकेच.