न दिसणारी चाल

बुद्धिबळात समोरची चाल पाहून आपण उत्तर देतो. दोघांनी एकाच क्षणी चाल करावयाची असेल तर?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने गेल्यास प्रतापगड लागतो. 10 नोव्हेंबर 1659 रोजी त्याच्या पायथ्याशी हाच प्रश्न उभा होता. खानाच्या मनात सलोखा की दगा, हे कळण्यास मार्ग नव्हता. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले. सलोखा असता तर थोडे ओझे झाले असते. दगा झाला तेव्हा प्राण वाचले. वाईटात वाईट परिणामही सोसवेल अशी चाल निवडावी, या विचाराला जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 साली गणिती सिद्धता दिली.

दगड-कागद-कात्रीत मात्र कोणतीही एक चाल सुरक्षित नसते. तेथे तिन्ही चाली सारख्या प्रमाणात, पण क्रम कळू न देता खेळाव्या लागतात. संगणक स्वतःशीच असंख्य डाव खेळतो, ‘दुसरी चाल केली असती तर’ याचा हिशेब ठेवतो आणि ते प्रमाण शिकतो.

सावित्री नदी काही डाव रचीत नाही. पण तीही आपली चाल आधी दाखवीत नाही. जुलै 2021 चा महापूर महाडकर विसरलेले नाहीत. पाणी येईल की नाही, याची पैज लावण्यापेक्षा माल वेळीच माडीवर चढविण्याचे ओझे केव्हाही हलके.