इंग्रजी वाङ्मयाचे एम. ए. आणि आपली मुलेबाळे
(पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



पोरगा किंवा पोरगी बी. ए. झाली आणि घरी येऊन म्हणाली की, मला इंग्रजी वाङ्मय घेऊन एम. ए. करावयाचे आहे, तर आईबापांनी काय उत्तर द्यावे, हा आजचा प्रश्न आहे. एक शेजारी म्हणतो, "साहेबाची काव्ये शिकून उसाला भाव मिळणार आहे काय?" दुसरा म्हणतो, "शिकू द्या हो, फाडफाड इंग्रजी बोलेल आणि लगेच नोकरीला चिकटेल." माझ्या मते ही दोन्ही बोलणी खोटी आहेत. पहिल्याने लेकराचे पाऊल विनाकारण मागे ओढले जाते आणि दुसऱ्याने घर फसते. सबब या शिक्षणात आहे काय, ते आपल्या कामाचे आहे की नाही, आणि त्याचा खर्चवेच काय, हे तिन्ही नीट पाहिले पाहिजे.

प्रथम हे ध्यानात घ्या की, एम. ए. म्हणजे इंग्रजी बोलण्याचा क्लास नव्हे. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचा, चार सत्रांचा हा अभ्यास आहे. त्यात चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन यांच्यापासून आजपर्यंतचे काव्य, नाटक व कादंबरी असते. टीकाशास्त्र व भाषाशास्त्र असते. अमेरिका, आफ्रिका व हिंदुस्थान येथील लेखकही असतात. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांची १९५८ साली निघालेली कादंबरी पुष्कळ ठिकाणी शिकवतात. तिच्यातला नायक सुरणासारख्या कंदाची शेती करणारा गावकरी आहे. मिशनरी व गोरे सरकार आल्यावर त्याचा गाव कसा मोडला, त्याची ती हकीकत आहे. ती वाचायला आपल्या मुलाला साहेब व्हावे लागत नाही. उलट गावात वाढलेल्या मुलाला ती लवकर उमगते.

या अभ्यासाचे खरे शिक्षण वाचण्याचे आहे. तुम्ही म्हणाल, वाचायला तर चौथीतले पोरही शिकते. होय, परंतु कागदावर लिहिले आहे ते वाचणे निराळे, आणि ते कोण बोलतो, कोणाला बोलतो, काय दडवतो व त्यात कोणाचा फायदा आहे हे ओळखणे निराळे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. अक्षरशत्रू शेतकऱ्याला कागदपत्रांच्या जोरावर कसे नागवले जाते, ते त्यांनी तेथे दाखवले आहे. आज आपली मुले अक्षरे वाचतात. पण विम्याची पॉलिसी, कर्जाचा करार, कंपनीची जाहिरात, पुढाऱ्याचे गोड भाषण, हे उलगडून वाचणारे घरात किती आहेत? एका कवितेतील एकेक शब्द चार-चार वेळा तपासण्याची सवय लागली, की कराराचे कलमही तसेच तपासले जाते. सुताराचा हात रंध्यावर बसावा तशी ही नजर सरावाने बसते.

आता कोणी म्हणेल की, हे लॉर्ड लोकांचे वाङ्मय, त्यात आपले काय? मंडळी, हा मोठा गैरसमज आहे. शेक्सपिअरचा बाप हातमोजे शिवणारा होता, आणि शेक्सपिअर स्वतः कोणत्याही विद्यापीठात गेला नाही. 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' लिहिणारा जॉन बन्यन भांड्यांना डाग देणाऱ्या कल्हईवाल्याचा मुलगा, आणि तोच धंदा करणारा. रॉबर्ट बर्न्स स्कॉटलंडातील कुळाचा मुलगा. त्याने हातात नांगर धरला आणि १७८६ साली आपले काव्य छापले. जॉन क्लेअर हा शेतमजूर. १८०९ च्या कायद्याने त्याच्या हेल्पस्टन गावची सर्वांच्या वहिवाटीची जमीन कुंपणात घालण्याचे ठरले. गायरान गेल्यावर गरिबाचे काय होते, हे त्याने काव्यात मांडून ठेवले आहे. स्टीफन डक हा धान्याची मळणी करणारा मजूर. त्याने १७३० च्या सुमारास मळणीच्या कष्टावर काव्य लिहिले आणि त्यात बायांच्या कामाला हिणवले. तेव्हा मेरी कॉलिअर नावाच्या धुणे धुणाऱ्या बाईने १७३९ साली काव्यातूनच त्याला जबाब दिला, की आम्ही शेतातही राबतो, घरीही राबतो आणि रात्री उठून दुसऱ्यांचे धुणेही धुतो. येथे बसलेल्या कोणत्या मायमाउलीला हे परके वाटेल?

थॉमस हार्डी हा गवंड्याचा मुलगा. त्याची 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' ही कादंबरी १८९५ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातला ज्यूड दगड घडवता घडवता आपणच ग्रीक-लॅटिन शिकतो आणि विद्यापीठात जाण्याची आस धरतो. तेथल्या एका कॉलेजच्या प्रमुखाकडून त्याला पत्र येते, की बाबा, तू आपला धंदाच कर. असले उत्तर आपल्या लोकांनी फार काळ ऐकले आहे. म्हणून मी म्हणतो की, ज्यांच्या घरी छिन्नी, वस्तरा, माग आणि नांगर आहे, त्यांच्या मुलांनी हे ग्रंथ परक्याचे समजून बाजूला ठेवू नयेत.

आपल्या देशात हा विषय आला तो मात्र राज्यकर्त्यांच्या सोयीने आला. मेकॉलेने १८३५ साली इंग्रजी शिक्षणाची तरफदारी केली, ती राज्यकर्ते व रयत यांच्यामधला एक दुभाषी वर्ग तयार व्हावा म्हणून. गंमत अशी की, खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र पदवी परीक्षा १८९० नंतर सुरू झाली, आणि केंब्रिजमध्ये १९१७ साली. परंतु हत्यार कोणीही घडवो, ते ज्याच्या हाती पडेल त्याचे होते. थॉमस पेन हा इंग्लंडातील बायकांच्या कंचुक्या शिवणारा कारागीर. त्याचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ जोतीरावांनी तरुणपणी वाचला, आणि पुढे १८७३ साली 'गुलामगिरी'ला इंग्रजीत प्रस्तावना जोडून ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला आहे.

पुढेही असेच झाले. डॉ. म. ना. वानखेडे हे इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक अमेरिकेत शिकून आले. तेथील काळ्या लोकांच्या वाङ्मयाची ओळख त्यांनी मराठी तरुणांना करून दिली आणि दलित साहित्याच्या चळवळीला बळ दिले. खानदेशातील सांगवीच्या शेतकरी कुटुंबातले भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, परंतु लिहिले मराठीत. त्यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. इंग्रजी शिकून आपली भाषा टाकावी लागते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आता पैशाचा हिशेब. येथे मी गोड बोलणार नाही. एम. ए. झाल्याबरोबर कॉलेजात नोकरी लागते, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. सहायक प्राध्यापक होण्यास एम. ए. ला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग यांना ५० टक्के. त्यावर नेट किंवा सेट ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आणि ती झाली तरी कायमच्या जागा थोड्या व उमेदवार फार. कितीएक शिकलेली मुले तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच पैसे, अशा तऱ्हेने वर्षानुवर्षे राबत आहेत. रोजंदारी मजुराचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांना हे निराळे सांगायला नको. शाळेत शिक्षक व्हायचे तर बी. एड. वेगळे करावे लागते. स्पर्धा परीक्षेला साधी पदवी पुरते, त्यासाठी एम. ए. चा खटाटोप नको. भाषांतर, प्रकाशन व वृत्तपत्र यांत काम आहे, पण त्याला दोन्ही भाषा पक्क्या हव्यात.

दुसऱ्या बाजूने मदतही आहे. नेटमध्ये वरचे गुण मिळवून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर संशोधनाच्या पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपयांचा दर जानेवारी २०२३ पासून ठरला आहे. बार्टी, सारथी व महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांसाठी योजना चालवतात. त्यांची चौकशी आधीच करावी. रयत शिक्षण संस्थेतील 'कमवा व शिका' ही कर्मवीर भाऊराव पाटलांची वाट आहे. तिच्यात कमीपणा नाही. घर सोडता येत नसेल, तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे एम. ए. घरचे काम सांभाळून करता येते. मात्र जमीन गहाण टाकून किंवा खाजगी सावकाराचे कर्ज काढून हा अभ्यास करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांलाही दोन शब्द. गाईड आणि तयार नोट्स यांवर परीक्षा निघते, पण विद्या येत नाही. मूळ ग्रंथ वाचा. जुने इंग्रजी ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत, ते तुमच्या हातातल्या फोनवर उघडतात. रोज थोडी पाने, पण नेमाने. कळले ते आधी मराठीत वहीत उतरवा, मग इंग्रजीत मांडा. उच्चाराला कोणी हसले तर हसू द्या. गावाकडची जीभ वर्षभरात वळते. आणि जे वाचाल, ते सुटीत घरी आल्यावर आईबापांना आपल्या बोलीत सांगा. मेरी कॉलिअरची गोष्ट तुमच्या आईला सांगा. तिला ती कळली, तर तुम्हांला ती नीट आली असे समजा.

मायबापांनो, १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे सांगितले की, सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि उच्च शिक्षणावरचा त्यातला खर्च वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. ती तिजोरी आजही तुमच्याच घामाने भरते. म्हणून विद्यापीठातल्या त्या बाकावर तुमच्या लेकराचा हक्क आहे. ज्याला वाचनाची खरी भूक आहे, त्याला किंवा तिला हिशेब समजावून सांगून पाठवा. ज्याला नुसती नोकरी हवी, त्याला दुसरी वाट दाखवा. मुलगी मागत असेल, तर लग्नाच्या घाईने तिचे नाव खोडू नका.