पडद्यामागची शाळा
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



इंदुरातील आपली पुष्कळ मुले हिंदी-इंग्रजीतून शिकतात. मराठी बोलतात, पण वाचीत नाहीत. १९५९ साली सुधा करमरकरांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ काढून ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले; तेव्हापासून मराठी बालनाट्य रुजले. आपल्याकडे मात्र मुले पाठ केलेले संवाद म्हणतात नि पडदा आपण ओढतो!

नेपथ्य मापून उभारणे, दिव्यांची वेळ साधणे, विंगेतून प्रॉम्प्टिंग करणे ही कामेही आपण त्यांच्याच हाती द्यावी. प्रॉम्प्टरला सारी संहिता मराठीतूनच वाचावी लागते. लाजाळू मुलालाही तेथे मानाची जागा मिळते. एखादा प्रवेश बिघडेल, बिघडू द्यावा.

विश्वस्तांस आमची विनंती एवढीच, की रविवारी सकाळी सभागृह तालमीस मोकळे ठेवावे. भाड्याचे उत्पन्न थोडे घटेल. पण मराठी वाचणारी पिढी लाभेल.