'पोरं आहेत, चिडवणारच'

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



'पोरं आहेत, चिडवणारच' हे वाक्य मी शाळाशाळांतून ऐकत आले आहे. पोलीस ठाण्यातलं 'घरगुती भांडण आहे, मिटवून घ्या' आठवतं ना? ही त्याचीच सख्खी बहीण!

तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात नांगुनेरी नावाचं गाव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे बारावीच्या एका दलित मुलावर शाळेतल्याच दलितेतर मुलांनी घरात शिरून कोयत्याने वार केले. मध्ये पडलेल्या बहिणीलाही सोडलं नाही. शाळेत त्याचा छळ आधीपासून चालू होता. छळाला कंटाळून त्याने शाळेत जाणंच थांबवलं होतं. शिक्षकांनी विचारल्यावर त्याने नावं सांगितली आणि त्यानंतर ती मुलं घरी आली. म्हणजे तक्रार झाली होती. तक्रार करणाऱ्याला सांभाळायची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती.

यानंतर तिथल्या सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली. जून २०२४ च्या अहवालात त्यांनी शाळांमधल्या जातिभेदाविरुद्ध स्वतंत्र कायदा करा, अशी शिफारस केली. मनगटावरच्या रंगीत धाग्यांवरून जात ओळखली जाते, म्हणून तेही बंद करा म्हटलं.

आपल्याकडे काय आहे? जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण 'बायल्या' म्हणून रोज मार खाणाऱ्या मुलाने, मुसलमान म्हणून बाकावर एकटी पडलेल्या मुलीने कुठे जायचं? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारण्यावर आणि त्यांच्या मानसिक छळावर बंदी घातली. पण कारवाई नोकरीच्या नियमांप्रमाणे, म्हणजे मोठ्यांवर. मुलांनीच मुलाला छळलं तर शाळेने काय करायचं, ते तिथे सांगितलेलं नाही.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मला शिक्षेपेक्षा त्यातलं दुसरंच कलम मोलाचं वाटतं. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. पण रॅगिंग म्हणजे कॉलेजचं, अशी समजूत असल्याने शाळेत हा कायदा कोणी काढत नाही.

तेव्हा शाळांसाठी राज्याचा वेगळा कायदा हवा. पोरांना तुरुंगात धाडायला नव्हे. आठवीतल्या मुलाला गुन्हेगार ठरवून आपल्या हाती काही लागणार नाही. जबाबदारी बांधायची ती मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांवर. जात, धर्म, लिंग, अपंगत्व ही छळाची कारणं कायद्यात नावानिशी यावीत. तक्रारीची लेखी पोच मिळावी. आणि तक्रारीनंतर वर्ग बदलायचा तर छळणाऱ्याचा बदला, सोसणाऱ्याचा नको. आजवर शाळा सोडते ती सोसणारीच. मुलीचं तर पुढे लग्नच उरकतात!

निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचा, खाडाखोड करा. आपापल्या वस्तीतल्या कोणत्या मुलामुलींनी गेल्या दोन वर्षांत शाळा सोडली आणि का, तेही लिहून द्या. मुलांची नावं मात्र घालू नका.