धूम्रपानबंदी आणि ई-सिगारेट : कामगारांची भूमिका

(चेन्नई येथे सभेसाठी आलेल्या रेल्वे व टपाल खात्यातील मराठी सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूर, वाडी, गुंतकल, रेणिगुंटा असा लांबचा प्रवास करून आपल्यापैकी बरेच जण येथे आले आहेत. ज्या शहरात आपण जमलो आहोत, त्याच शहरात २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियनची स्थापना झाली. बकिंगहॅम आणि कर्नाटिक या गिरण्यांतील कामगारांची ती संघटना. त्यांच्या सुरुवातीच्या तक्रारींत एक अगदी साधी तक्रार होती : दुपारच्या जेवणाची सुट्टी अपुरी पडते. आपल्या मुंबईत त्याच्या २८ वर्षे आधी, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. जेवणाची सुट्टी, आठवड्याची सुट्टी, पिण्याचे पाणी, उजेड, वारा. मालकांना या गोष्टी क्षुल्लक वाटत. कामगाराच्या शरीराला त्या क्षुल्लक नव्हत्या. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो याच मालिकेतला आहे. कामाच्या जागी आपण जी हवा श्वासात घेतो, तिच्यावर हक्क कोणाचा?

रेल्वे स्थानके, गाड्या, टपाल कचेऱ्या येथे धूम्रपानाला बंदी आहे, हे आपण सारे जाणतो. प्रश्न असा आहे की, या बंदीत ई-सिगारेट धरायची की नाही? माझे उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. धरायची, आणि ती नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत धरायची. मात्र ती कशी धरायची, याबाबत कामगार संघटनेची स्वतःची भूमिका असली पाहिजे. ती केवळ पोलिसी भूमिका असता कामा नये.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली हिचा आजचा प्रकार तयार केला. आत एक बॅटरी असते, तारेचे एक बारीक वेटोळे असते आणि थोडा द्रव असतो. झुरका घेतला की वेटोळे तापते आणि द्रवाची वाफ होते. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास-चव आणि बहुधा निकोटिन असते. येथे तंबाखू जळत नाही, राख पडत नाही, थोटूक उरत नाही. म्हणूनच ओढणारा म्हणतो, ‘साहेब, मी कुठे धूम्रपान करतो आहे?’ पण आपण जिला वाफ म्हणतो ती चहाच्या किटलीची वाफ नव्हे. तिच्यात अतिसूक्ष्म कण असतात, निकोटिन असते, आणि ते शेजारी बसलेल्याच्या नाकातही जाते.

आता कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण आपला मुद्दा त्यातूनच निघतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १६७ वे कलम असे आहे की, डब्यात दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर धूम्रपान करता येणार नाही. दंड १०० रुपयांपर्यंत. म्हणजे धूर सोसणाऱ्याने आधी तोंड उघडायचे, भांडण ओढवून घ्यायचे, मग त्याचा हक्क सुरू होणार! रेल्वे प्रशासनाला एखाद्या गाडीत किंवा डब्यात बंदी घालण्याचा अधिकार होता, पण सामान्य नियम हरकतीचाच होता. १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान म्हणजे सार्वजनिक उपद्रव होय, असा निर्णय दिला. पुढे मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर आदेश दिला. रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपान बंद! २००३ साली संसदेने तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याखालचे नवे नियम लागू झाले, तेव्हा केंद्रीय आरोग्यमंत्री होते याच तमिळनाडूचे डॉ. अंबुमणी रामदास. त्या नियमांनी कामाच्या जागाही बंदीत आणल्या.

मित्रहो, या प्रवासात एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रत्येक टप्प्यावर हक्काचे शब्द रुंद होत गेले. आधी ‘हरकत घेतली तर’ होते, मग ‘हरकत असो वा नसो’ झाले. आधी डबा होता, मग स्थानक आले, मग कचेरी आली. आता ई-सिगारेट आली आहे, आणि शब्द पुन्हा तोकडे पडत आहेत.

कसे ते सांगतो. २००३ च्या कायद्यात धूम्रपानाची व्याख्या आहे. सिगारेट, सिगार, बिडी किंवा अन्य कोणत्या साधनाने, पण ‘तंबाखूचे’ धूम्रपान, असा तिचा आशय आहे. तंबाखू न जाळणारे यंत्र त्यात बसते की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. काहीजण म्हणतील, ई-सिगारेटवर तर देशात आधीच बंदी आहे. बरोबर आहे. तमिळनाडू सरकारने २०१८ साली बंदी आणली. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात या सर्वांवर त्याने बंदी घातली. विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ही यादी पुन्हा वाचा. त्यात ओढणाऱ्यासाठी वेगळे शिक्षेचे कलम नाही. दुकानदाराला तुरुंग आहे, पण बंद डब्यात वाफ सोडणाऱ्याला काय, हे तेथे लिहिलेले नाही. विक्रीबंदी हा बाजाराचा नियम झाला. आपल्याला हवा आहे तो हवेचा नियम.

आणि ही पळवाट कोणाच्या गळ्यात पडते? तुमच्या आणि माझ्या! २००८ च्या नियमांत दंड करण्याचे अधिकार ज्यांना दिले आहेत, त्या यादीत स्टेशन मास्तर आहे आणि पोस्टमास्तरही आहे. फलाटावर बिडी पेटवणाऱ्या हमालाला २०० रुपयांपर्यंत दंड करता येतो. नियम सरळ आहे, वाद नाही. पण वातानुकूलित डब्यातला एखादा तरुण खिशातून पेनासारखी वस्तू काढतो आणि ओढतो. त्याला हटकले की तो मोबाइलवर कायद्याची व्याख्या काढून दाखवतो. तेथे आपला तिकीट तपासनीस काय करणार? तो गप्प बसला तर प्रवासी त्याच्याविरुद्ध तक्रार करणार. त्याने दंड केला तर दुसरा त्याच्याविरुद्ध तक्रार करणार. नियम धूसर ठेवायचा आणि त्याची जबाबदारी खालच्या कर्मचाऱ्यावर टाकायची, ही प्रशासनाची जुनी रीत आहे. म्हणून नियम स्पष्ट व्हावा ही मागणी आपल्या स्वतःच्या संरक्षणाचीही आहे.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले. बिडी ओढणारे ७.७ टक्के होते. ई-सिगारेट वापरणारे अवघे ०.०२ टक्के. यावर आपलेच काही सहकारी म्हणतील की, हा श्रीमंतांच्या पोरांचा शौक आहे, आपला आजार बिडी आणि खैनी. मग यात वेळ का घालवायचा? त्यांना मी उलट विचारतो. गरिबाच्या बिडीला दंड आणि महागड्या यंत्राला मोकळीक, हा कुठला न्याय? एकाच फलाटावर दोन मापे नकोत. शिवाय एखादी सवय थोड्यांत असते तेव्हाच नियम करणे सोपे जाते. ती रनिंग रूममध्ये आणि सॉर्टिंगच्या हॉलमध्ये रुजली की आपल्याच माणसांशी भांडावे लागेल.

आता विरुद्ध बाजू. तीही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली असा अंदाज दिला की, ई-सिगारेट ही साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक आहे. या आकड्यावर पुष्कळ वाद झाला. तरी जळत्या सिगारेटपेक्षा तिच्यात विषे कमी असतात, हे बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. २०१९ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या एका विकाराने २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात गेले. त्याचा दाखला आपल्याकडे नेहमी दिला जातो. पण त्यांतील बहुतेकांनी गांजातील अमली द्रव्य असलेला माल वापरला होता, हेही सांगायला हवे. आपली बाजू बरोबर असली तरी आपण अतिशयोक्ती करू नये. सिगारेट उघड विकायची आणि ई-सिगारेटवर बंदी आणायची, हे धोरण उलटे आहे, अशीही टीका होते. तीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

परंतु हे सारे मान्य करूनही आपला प्रश्न शिल्लकच राहतो. एखाद्याने सिगारेट सोडण्यासाठी काय वापरावे, हा त्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा प्रश्न आहे. शेजारच्याने काय श्वासात घ्यावे, हा सर्वांचा प्रश्न आहे. कमी अपायकारक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. त्यातही ओढणारा स्वेच्छेने ओढतो. शेजारी बसलेल्या गरोदर भगिनीने, दम्याच्या सहकाऱ्याने ती निवड केलेली नसते. ज्या इंग्लंडचा दाखला दिला जातो, तेथे २००७ साली आलेल्या धूम्रपानबंदीत ई-सिगारेट नव्हती. तरी तेथील रेल्वे कंपन्यांनी स्वतःच्या नियमांनी तिला गाड्यांत मनाई केली. न्यूयॉर्क शहराने तर २०१४ पासून तिला धूम्रपानबंदीच्या कायद्यातच घातले. दोन ठिकाणांची धोरणे वेगळी, पण गाडीच्या डब्याबाबत उत्तर एकच.

रेल्वेत याला सुरक्षेची बाजूही आहे. ९ ऑगस्ट २०२३ रोजी तिरुपती-सिकंदराबाद वंदे भारत गाडीत एका विनातिकीट प्रवाशाने शौचालयात सिगारेट पेटवली. धुराची सूचना देणारी घंटा वाजली, अग्निशामक यंत्र आपोआप सुरू झाले, घबराट उडाली आणि गाडी मनुबोलू येथे थांबवावी लागली. हे डबे येथेच, पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, आपल्या भावांनी बांधलेले आहेत. त्या यंत्राला बिडीचा धूर आणि ई-सिगारेटची वाफ यांतील फरक कळेलच, अशी खात्री नाही. मग गाडी थांबली की धावपळ गार्डची, लोको पायलटची आणि तपासनीसाची!

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली अशी की, धूम्रपानाच्या व्याख्येत ई-सिगारेटचा नावानिशी समावेश व्हावा. नवी व्याख्या शोधायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यात ती तयार आहे : द्रव्य तापवून वाफ देणारे यंत्र, त्यात निकोटिन असो वा नसो. कायदादुरुस्तीला वेळ लागेल. तोवर रेल्वे व टपाल प्रशासनाने परिपत्रक काढावे, आणि धूम्रपान मनाईच्या प्रत्येक फलकावर ‘ई-सिगारेटसह’ हा एक शब्द लिहावा.

दुसरी सूचना. ओढणाऱ्याला दंड तोच असावा जो बिडीला आहे, आणि त्याची पावती मिळावी. विक्रेत्यासाठी असलेली तुरुंगाची शिक्षा ओढणाऱ्याला नको. एखाद्या कर्मचाऱ्याला अडकवण्यासाठी, बदली किंवा निलंबनाचे निमित्त म्हणून हा नियम वापरला गेला, तर संघटना त्याच्या पाठीशी उभी राहील.

तिसरी सूचना. अंमलबजावणीचा बोजा एकट्या तपासनीसावर किंवा पोस्टमास्तरवर नको. २०१६-१७ च्या त्याच पाहणीत, बंदिस्त जागी काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्के लोकांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. नियम होऊन आठ वर्षे झाली होती, तरीही! साहेबांच्या केबिनमध्ये झुरके चालतात तोवर खाली कोणी ऐकत नाही. नियम वरून लागू व्हावा.

चौथी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी. ज्याला सोडायचे आहे त्याला मदत मिळाली पाहिजे. रात्रपाळी, एकांत, झोपेची ओढाताण यांतून तलफ वाढते, ती केवळ चारित्र्याची कमजोरी नव्हे. रेल्वेच्या रुग्णालयांत आणि टपाल कर्मचाऱ्यांसाठीच्या दवाखान्यांत व्यसनमुक्तीचा सल्ला आणि निकोटिनच्या गोळ्या मोफत मिळाव्यात. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे. तिचा क्रमांक प्रत्येक शाखेच्या फलकावर लावण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ते काम आपण परत गेल्याबरोबर करू शकतो.

मित्रहो, जो सहकारी ओढतो तो आपला शत्रू नाही. तो संघटनेचा सभासद आहे, आणि त्याची फुप्फुसेही आपल्यालाच सांभाळायची आहेत. पण बारा माणसे एका खोलीत काम करीत असतील तर त्या खोलीची हवा एकाची असू शकत नाही. तीत धूर असो की वाफ असो, ती सोडण्याची जागा बाहेर आहे. आपापल्या शाखेत या सूचनांवर चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा आणि ठराव करून पाठवा. एवढे बोलून मी माझे भाषण संपवितो.

कामगार एकजुटीचा विजय असो!