गावाचा क्लब, मुंबईत

'क्लब' म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवळ, बिलियर्ड्स आणि साहेब उभा राहतो. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत मी पाहिलेला क्लब निराळा. भिंतीलगत पेट्यांची रांग आणि समोर वेदी! कोंकणीत त्याला 'कूड' म्हणतात. कूड म्हणजे खोली.

१९६१पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. म्हणजे इंग्रजांच्या मुंबईत उतरलेला गोवेकर परक्या राज्याचा प्रजाजन. बोटीवर खलाशाची, खानसाम्याची नोकरी मिळेपर्यंत त्यानं राहायचं कुठं? उत्तर गावानंच शोधलं. एकेका गावच्या लोकांनी पैसे जमवून मुंबईत आपली कूड थाटली. भाडं अगदी थोडं, शिस्त मात्र कडक. संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहायलाच हवं. खलाशी सफरीवर गेला, तरी त्याची पेटी तिथं सुरक्षित राही. गावच्या संताचं फेस्तही इथं साजरं होई.

मुंबईत गोवेकरांची अशी दाट वस्ती होती, म्हणूनच १८९२ साली 'इटालियन भुरगो' हा पहिला कोंकणी तियात्र गोव्यात नव्हे, मुंबईत रंगला.

आता हे क्लब रोडावत चालले आहेत आणि दक्षिण मुंबईतले जागांचे भाव आपण जाणताच. विकून पैसे वाटून घेऊ, असं कुणीही सहज म्हणेल. पण वाटे घालायचे किती? मला वाटतं, उद्या नोकरीच्या शोधात गावाहून येणाऱ्या पोराचाही त्यात एक वाटा आहे. वर्गणी देणाऱ्यांनी ती स्वतःपुरती दिलेली नव्हती.