परत वर जाण्याचा हक्क

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात प्रशिक्षणाचं एक छोटं विमान कोसळलं. बारामतीहून निघालेल्या त्या विमानात एकटी शिकाऊ तरुणी होती. गावकरी मदतीला धावले. ती बचावली. अशा अपघातानंतर मुलीचं पुढे काय होतं, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

विमान शिकताना बरेच अपघात उतरतानाच होतात. वेग नेमका ठेवायचा, जमिनीलगत आल्यावर नाक अलगद उचलायचं, म्हणजे मागची चाकं आधी टेकतात. वेग जास्त राहिला तर विमान चेंडूसारखं उसळतं. घाबरून नाक खाली दाबलं की पुढचं चाक आपटतं, मोडतं. हे मुलाच्या हातून होतं तसंच मुलीच्याही.

यावरचा उपाय सुरुवातीपासून शिकवतात. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, परत वर जायचं, चक्कर मारून पुन्हा उतरायचं. वैमानिक याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. त्यांच्यात ती नामुष्की नाही, शहाणपण आहे.

आपल्या घरांत मात्र हे शहाणपण मुलाच्याच वाट्याला येतं. समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी वस्त्यांमध्ये काम करते. दहावीत मुलगा नापास झाला तर ‘पुन्हा परीक्षेला बस’, मुलगी झाली तर ‘आता स्थळं बघू’, हे मी कितीदा तरी ऐकलंय. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावं लागतं, त्यासाठी घरं कर्जं काढतात. जिला एकच संधी मिळालीय, तिला परत वर जाणं म्हणजे हार वाटली तर नवल काय? ‘कसंही करून उतरायचंच’ हा धोका तिथे जन्मतो, असं मला वाटतं.

विमान अपघातांच्या चौकशीसाठी आपल्याकडे २०१२ पासून स्वतंत्र ब्युरो आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा चौकशीचा हेतू कुणाला दोषी ठरवणं हा नसतो, तसा अपघात पुन्हा होऊ नये हा असतो. वारा, यंत्र, प्रशिक्षण, थकवा, सगळं तपासतात. घरातली चौकशी मात्र एका वाक्यात संपते: ‘कशाला गेली होतीस?’

तेव्हा आपल्या गटात पडलेली, नापास झालेली, नोकरी सुटलेली मुलगी आली, तर आपण दोनच प्रश्न विचारू या. काय काय घडलं? आणि पुन्हा कधी सुरू करतेस?